सहलीचे बूट : घोट्याखालचे पुरतात का आणि कसे निवडायचे?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीची बोलणी सुरू होतात. गड ठरतो, गाडी ठरते, संमतीपत्रं घरी जातात. मग एक प्रश्न हमखास येतो, "बाई, मुलाला ट्रेकिंगचे बूट घ्यावे लागतील का हो?" यावर आपण घाईत दोनपैकी एक उत्तर देऊन टाकतो. एक तर "काहीही चालेल", नाहीतर "बूट सक्तीचे आहेत". पहिल्या उत्तराने गुळगुळीत तळाच्या चपलेतलं मूल उतारावर बसून बसून खाली येतं. दुसऱ्या उत्तराने काय होतं ते जास्त वाईट आहे. एखादं मूल अचानक "मला नाही यायचं सहलीला" म्हणायला लागतं. आपण समजतो भित्रं आहे, आणि घरी खरं कारण असतं की या महिन्यात बुटांचे पैसे निघत नाहीत.

म्हणून हा लेख. पालकांना नेमकं काय सांगायचं, आणि त्यातूनच पाचवी ते आठवीच्या वर्गात घर्षण, मापन आणि हिशोब कसा शिकवायचा, असं दोन्ही यात आहे.

माझं उत्तर आधीच सांगते. एका दिवसाची पायवाट, पाठीवर डबा-पाण्याची छोटी पिशवी आणि पावसाळा सोडून कोणताही ऋतू, एवढंच असेल तर घोट्याच्या खाली संपणारे, तळाला दाते असलेले साधे बूट पुरतात. दुकानात यांना 'लो अँकल' किंवा 'लो कट' म्हणतात. घोटा झाकणारे उंच, जड, महागडे बूट या कामाला लागत नाहीत. पण घोट्याखालचा बूट म्हणजे कोणताही बूट नव्हे, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी वाट बघा, मग बूट

"कोणत्या गडावर जाणार?" यापेक्षा "कोणत्या वाटेने जाणार?" हा प्रश्न महत्त्वाचा. राजगडाचंच उदाहरण घ्या. पाली दरवाज्याकडून चढलात तर बराचसा मार्ग पायऱ्यांचा. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढलात तर शेवटचा टप्पा चांगलाच अंगावर येतो. गड एकच, पण पायांना दोन वेगळे गड चढल्यासारखं वाटेल. शिवनेरीला सात दरवाज्यांच्या मार्गाने जाणं ही मुलांसाठी अगदी योग्य वाट, आणि त्याच गडाची साखळीची वाट शाळेच्या सहलीत धरायचीच नाही.

हलकी पायवाट म्हणजे माझ्या हिशोबी हात न टेकता चालता येतं ती. लोहगडाच्या पायऱ्या, सिंहगडाची आतकरवाडीची वाट, पुण्यातली वेताळ टेकडी किंवा तळजाई, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा परिसर. अशा ठिकाणी घोट्याखालचे बूट बिनधास्त. जिथे मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या मारत जायचं आहे, पाठीवर मुक्कामाचं ओझं आहे, किंवा ज्याचा घोटा आधी मुरगळलेला आहे, तिथे उंच बुटाचा विचार करावा.

"उंच बूट घातला की पाय मुरगळत नाही" असं बरेच पालक धरून चालतात. हे पूर्ण खरं नाही. पाय मुरगळतो तो टाच बुटात हलते म्हणून, तळ कडेने लवचीक असतो म्हणून, किंवा दमल्यावर पाऊल कुठेही पडतं म्हणून. नुसतं घोट्याभोवती मऊ कापड आल्याने या तिन्हींपैकी काहीच थांबत नाही. टाच घट्ट धरणारा आणि तळ रुंद असलेला आखूड बूट हा ढगळ उंच बुटापेक्षा कधीही चांगला.

आता वजन. इथे वर्गासाठी छान गणित मिळतं. समजा मोठ्या मापाच्या आखूड बुटाची जोडी ६०० ग्रॅमची आणि उंच बुटाची १ किलोची. फरक जोडीला ४०० ग्रॅम, म्हणजे एका पायाला २०० ग्रॅम. दिवसभरात १०,००० पावलं चाललो, तर दर पावलाला एक बूट उचलला. १०,००० × २०० = २०,००,००० ग्रॅम, म्हणजे २,००० किलो. दोन टन जास्तीचं उचललं! हा आकडा फळ्यावर आला की मुलं एकदम गप्प होतात. मग दोन-तीन बूट वर्गात आणून तराजूवर ठेवा आणि खरी वजनं घेऊन मुलांनाच हिशोब करू द्या. किराणा दुकानातला काटा चालतो. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवतं हे गिर्यारोहक फार पूर्वीपासून सांगत आलेत, आणि बहुतेक माणसं पडतात ती दमल्यावर, परतीच्या उतारावर.

तळाचा धडा

बूट घेताना आपण वरची बाजू बघतो. रंग, पट्टे, नाव. मुलांना बूट उलटा धरायला शिकवा.

आपल्याकडच्या वाटा बहुतेक बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या. त्यावर कुठे मुरूम पसरलेला, कुठे माती, कुठे गवत. कोकणात जांभा. कोरडा जांभा खडबडीत असतो, बूट छान धरतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढलं की तोच निसरडा. कोरड्या कातळावर पाय सहसा घसरत नाही. घसरतो तो कातळावर पडलेल्या मुरमाच्या बारीक खड्यांवर. ते पायाखाली छर्ऱ्यांसारखे गोल फिरतात. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे दिवाळीनंतरचं वाळलेलं, आडवं पडलेलं गवत. उतारावर त्याच्यावरून पाय सटकन जातो.

यावर एक प्रयोग आहे. एक मीटरभर लांबीची लाकडी फळी घ्या. तीन बूट घ्या : शाळेचा पांढरा कॅनव्हासचा पीटी बूट, रोजचा स्पोर्ट्स शूज आणि दाते असलेला ट्रेकिंगचा बूट. प्रत्येकात वाळूच्या पिशव्या अशा भरा की तिघांचं एकूण वजन सारखं होईल. बूट फळीवर ठेवा, फळीचं एक टोक हळूहळू उचला, आणि बूट घसरायला लागला त्या क्षणी टोकाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजा. प्रत्येक बुटाची तीनदा नोंद घ्या आणि सरासरी काढा.

आधी मुलांना अंदाज विचारा. सगळी म्हणतील, दातेवाला जिंकणार. कोरड्या गुळगुळीत फळीवर तसं होईलच असं नाही. कधीकधी सपाट तळाचा बूटच जास्त उंचीपर्यंत टिकतो. कारण सपाट रबर पूर्ण टेकतं, दात्यांच्या बुटाचे फक्त दातेच टेकतात. कातळारोहण करणाऱ्यांच्या खास बुटांचे तळ म्हणूनच सपाट असतात. इथे मुलं गोंधळतात. गोंधळू द्या, लगेच उत्तर देऊ नका. आता त्याच फळीवर मूठभर मुरूम किंवा जाडी रेती पसरा आणि पुन्हा मोजा. दातेवाला आता पुढे जातो, कारण खडे दात्यांमधल्या फटीत शिरतात आणि दाते खालपर्यंत पोचतात. तिसऱ्या वेळी फळीवर ओली माती लिंपा. चौथ्या वेळी नुसतं पाणी शिंपडा.

पाण्याच्या वेळी एक गोष्ट दाखवून द्या. ओल्या गुळगुळीत दगडावर दात्यांचा फारसा उपयोग नसतो. तिथे रबर कसलं आहे यावर सगळं ठरतं. मऊ रबर दगडाला जास्त धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण ओल्या कातळावर साबणासारखं. नखाने दाबून बघितलं तर फरक कळतो. खोडरबर आणि स्कूटरचा टायर, यांच्या मधलं कुठेतरी हवं. म्हणून "हा बूट पाच वर्षं झिजणार नाही" असं दुकानदार कौतुकाने सांगतो, तेव्हा मी जरा सावध होते.

एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, वजन वाढवलं तर बूट उशिरा घसरेल का? करून बघायला सांगा. उंची फारशी बदलत नाही. वजनाबरोबर खाली ओढणारं बल वाढतं आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. सहावी-सातवीत हे एवढंच पुरे, सूत्रात शिरू नका.

दात्यांच्या तळाची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. पूर्वी युरोपातले गिर्यारोहक बुटाच्या तळाला लोखंडी खिळे ठोकून डोंगर चढत. १९३५ मध्ये आल्प्समधल्या एका चढाईत इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांचे सहा साथीदार वाईट हवामानात अडकून मरण पावले. अपुरी पादत्राणं हे त्यामागचं एक कारण होतं. त्यानंतर ब्रामानींनी टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीने दाते असलेला रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. त्यांच्याच नावातून 'व्हिब्रम' हे नाव आलं. आज अनेक महाग बुटांच्या तळावर पिवळ्या अष्टकोनात हे नाव दिसतं. आपल्या दोनशे पायऱ्यांच्या वाटेला तो शिक्का लागतोच असं नाही, पण तळाला खाचा का असतात हे मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

मग घ्यायचं काय? दाते साधारण ३ ते ५ मिलिमीटर खोल असावेत. पट्टी लावून मोजता येतं, दुकानदाराला राग आला तरी मोजा. दात्यांमध्ये मोकळी जागा असावी, नाहीतर चिखल अडकून तळ पुन्हा सपाट होतो. आणि टाचेच्या पुढे एक पायरीसारखी कड असावी. उतरताना ही कड ब्रेकचं काम करते. चालण्याच्या बऱ्याच स्पोर्ट्स शूजमध्ये ती नसते.

दुकानात

मुलाला सोबत न्या. "याच्या दादाला चार नंबर येतो" अशा मापावर बूट घेऊ नये. शक्यतो संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि गडावरही तसेच होणार असतात. जे मोजे घालून जाणार तेच घालून बूट बघा.

घरून निघण्याआधी कागदावर दोन्ही पायांचा आराखडा काढा. मूल उभं असताना, बसलेलं नाही. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. अंगठाच लांब असतो असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. दोन पायांत थोडा फरक निघाला तर घाबरू नका, बहुतेकांचा असतो. मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्यायचा. हा आराखडा चौकटीच्या कागदावर काढला तर चौथी-पाचवीला क्षेत्रफळाचा पाठही होतो.

नंबरांचा घोळ समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक दुकानांत ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात. त्यात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय नंबरात (३६, ३७, ३८ वगैरे) एका नंबरचा फरक सुमारे ६.७ मिलिमीटर. शिवाय ब्रिटिश पद्धतीत लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे पहिलीतल्या मुलाचे १३ आणि सहावीतल्याचे ३ यांत सहावीतल्याचाच बूट मोठा. मुलांना हे कोडं म्हणून घाला, मजा येते.

बुटातला सुकतळा बाहेर काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. टाच मागे टेकलेली असताना पुढे सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे. चवड्याच्या दोन्ही बाजूंना पाय सुकतळ्याबाहेर गेला तर बूट अरुंद आहे, लांबी कितीही बरोबर असो. अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या मुलांचा चवडा बऱ्याचदा रुंद असतो, त्यामुळे आपल्या गावच्या मुलांसाठी हे जरूर बघा.

"वाढतं अंग आहे, दोन नंबर मोठे घ्या" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. गणवेशाला चालतं, डोंगराला नाही. मोठ्या बुटात पाय पुढेमागे सरकतो, टाचेला फोड येतात आणि नाक दगडाला अडकून मूल तोंडावर पडतं. नखाएवढी जागा हीच वाढीची जागा समजा.

लेस बांधून मुलाला दुकानातल्या पायरीवर तोंड खाली करून उभं करा आणि जागच्या जागी दोन-तीनदा पाय आपटायला सांगा. बोटं पुढे आपटली तर बूट नको. गड उतरताना हेच तीन-चार हजार वेळा होतं आणि संध्याकाळी अंगठ्याची नखं काळीनिळी दिसतात.

मग बूट हातात घेऊन दोन्ही टोकांकडून वाकवा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. धुणं पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर खडकावर पाय कलंडणार. टाचेची मागची वाटी अंगठ्याने दाबा, ती दबता कामा नये. या तीन गोष्टी दोन मिनिटांत होतात आणि किमतीच्या चिठ्ठीपेक्षा जास्त सांगतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांत 'ॲक्शन ट्रेकिंग'चे साधे बूट वर्षानुवर्षं का वापरले जात आहेत, ते असा बूट उलटा करून बघितला की कळतं. मी कोणाची जाहिरात करत नाही, तुमच्या गावच्या बाजारात जो या कसोट्यांना उतरेल तो घ्या.

'वॉटरप्रूफ' हा शब्द दिसला की पालक जास्त पैसे मोजतात. घोट्याखालच्या बुटात त्याचा उपयोग मर्यादित आहे. ओढा ओलांडताना किंवा जोराच्या पावसात पाणी वरून, घोट्यापाशीच आत शिरतं, आणि मग ते जलरोधक पडदा आतच अडवून ठेवतो. आपल्या उकाड्यात घामही नीट सुकत नाही. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा, पटकन वाळणारा बूट बरा.

जुने बूट, मागून आणलेले बूट

पालकांना सर्वांत आधी हे विचारा : घरात आधीच काय आहे? मोठ्या भावंडाचा चांगल्या अवस्थेतला दातेवाला स्पोर्ट्स शूज कितीतरी वाटांना पुरतो. शाळेचा कॅनव्हास बूटसुद्धा कोरड्या पायऱ्यांच्या वाटेवर चालतो. मुरूम आणि उतार असेल तिथे मात्र नको.

आमच्यासारख्या शाळांत बूटपेढी करता येते. आठवी पास होऊन गेलेल्यांचे, लहान झालेले बूट धुऊन, आत नंबर लिहून कपाटात ठेवायचे आणि सहलीच्या पंधरा दिवस आधी मुलांना घालून बघायला द्यायचे. सर्वांसमोर वाटप करू नका, मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवा. दुसऱ्याच्या पायाला बसलेला सुकतळा बदलून नवा घाला, तेवढा खर्च शाळेला जड नाही.

जुन्या बुटांत एक छुपा धोका असतो. पुष्कळ ट्रेकिंगच्या बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा थर वर्षानुवर्षं आतून कुजतो, बूट वापरला नाही तरीही. माळ्यावर पाच-सहा वर्षं ठेवलेला, वरून कोराकरकरीत दिसणारा बूट गडावर तासाभरात तळ सोडतो. बाबांचे जपून ठेवलेले बूट म्हणूनच आधी तपासा. कडेने तळ जोरात ओढा, बोटाने मधला थर दाबा, चिरा किंवा भुगा दिसला तर ते बूट बाद. फक्त डिंक सुटला असेल तर नाक्यावरच्या मोचीकाकांकडून कडेने शिलाई मारून घ्या, बहुतेकदा ती मूळ डिंकापेक्षा जास्त टिकते. शिक्षकांच्या पिशवीत दोन जादा लेस आणि रुंद चिकटपट्टीचं एक बंडल असू द्या. तळ सुटलेला बूट बांधून मूल खाली आणता येतं.

नवा बूट असो की पेढीतला, सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. आठ-दहा दिवस शाळेत येता-जाता घालू दे. कुठे चावतो ते घराजवळ कळलेलं बरं. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. ओलं कातडं आणि घासणं एकत्र आलं की फोड येतो. टाचेला नुसतं गरम लागायला लागलं तरी मुलाने सांगायचं, आणि तिथे लगेच कापडी चिकटपट्टी लावायची. फोड आलाच तर फोडू नये. मुलं हे सांगायला लाजतात, इतरांच्या मागे राहू म्हणून. त्यामुळे दर विश्रांतीला आपणच विचारावं.

लेस बांधणं हा पहिली-दुसरीचा विषय वाटतो, पण सातवीतल्या कित्येकांना गाठ नीट येत नाही. चढताना लेस जरा सैल चालते. उतरायच्या आधी सगळ्यांना बसवून, टाच मागे ठोकून, लेस वरच्या भोकापर्यंत पुन्हा आवळायला लावा. गाठ दुहेरी, आणि उरलेली टोकं आत खोचलेली.

एक राहिलंच. गडाखालच्या वाडीतली मुलं आणि म्हातारी माणसं साध्या चपलेत आपल्या पुढे निघून जातात, हे आपल्या मुलांना दिसतंच. "मग आपल्याला बूट कशाला?" असं त्यांनी विचारलं तर त्यांचं बरोबर आहे. त्या माणसांचे पाय रोज ती वाट चालतात, पावलं छोटी टाकतात आणि कुठला दगड हलतो ते त्यांना माहीत असतं. आपल्या मुलांना पावलं छोटी टाकायला आणि पूर्ण तळवा टेकवायला आधी शाळेच्या मागच्या उतारावर शिकवता येतं, त्याला काहीच खर्च नाही.

परत आल्यावर बूट नळाखाली ब्रशने घासा, सुकतळा काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर डिंक सुटतो. बोळे संध्याकाळी एकदा बदलले की सकाळपर्यंत बूट कोरडे होतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, दारामागे उघड्यावर राहू द्या आणि महिन्यातून एकदा तरी घालून फिरू द्या.